डाव्या हाताची गिटार

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

किल्लारीहून परतल्यापासून झोप नीट लागत नाही. डॉक्टर म्हणाले, सकाळी उठल्या उठल्या जे मनात असेल ते लिहून काढत जा. तीस वर्षं बातम्या लिहून पोट भरणाऱ्याला हे औषध म्हणजे हलवायाला पेढे लिहून देण्यातला प्रकार. पण फी दिलेली आहे, तेव्हा घेतलंच पाहिजे.

कोरी वही घरात नव्हती. कपाटात चिकलठाण्याच्या एका कंपनीची १९८६ सालची डायरी निघाली. त्या काळी कारखाने इतक्या झपाट्यानं उभे राहत होते की वार्ताहराच्या घरी भेट आलेल्या डायऱ्या ठेवायला जागा नसे. वार सगळे चुकीचे आहेत, ते खोडून लिहितोय. प्रत्येक पानाच्या तळाशी कामगारांसाठी एक सुरक्षावचन आहे. आजचं: ‘यंत्र चालू असताना गप्पा टाळा.’ बायकोनं, भानुमतीनं, ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवून निघून गेली. ती शाळेत गणित शिकवते.

पहाटे स्वप्नात पुन्हा ती दिसली. पाणचक्कीच्या हौदावर तरंगत होती. लाल, आणि अजिबात न भिजलेली. वरून पाण्याचा पडदा पडतोय, पण त्याला आवाज नाही. आवाज तिच्यातून येतोय. मी काठावर बसून डावा हात पुढे करतो. तो लांबत जातो, लबाड साक्षीदाराच्या जबानीसारखा, तरी पोचत नाही. मग जाग येते आणि डावा हात खरोखरच मुंग्या येऊन बधिर झालेला असतो.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

‘ती’ कोण हे भानुमतीला माहीत आहे. ती तिला लाल सवत म्हणते. डायरीला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

फेब्रुवारी १९७५. ही डायरी ज्या कंपनीची, तिचंच स्नेहसंमेलन. मी ‘मराठवाड्याची औद्योगिक झेप’ अशी बातमी करायला गेलो होतो. मथळा आधी ठरला होता, झेप तिथं जाऊन पाहायची होती. लेथवरचा एक कामगार लाउडस्पीकरला वायर जोडून गिटार वाजवत होता. कचरू त्याचं नाव. पश्चिम जर्मनीतून यंत्रं बसवायला आलेल्या इंजिनिअरानं जाताना ती त्याला देऊन टाकली होती, कारण दोघंही डावखुरे. असली गिटार उजव्या हाताच्या माणसाला काय कामाची? आरशातून बाहेर काढल्यासारखं सगळं उलट. तिकडच्या कारखान्यानं अशा मोजक्याच घडवल्या म्हणे. किती, हा आकडा कचरूच्या तोंडी कधी बारा असे, कधी चाळीस.

अंगाचा रंग पिकल्या डाळिंबाचा, कडेला काळसर होत गेलेला. शिंपल्याची चार चौकोनी बटणं. एकेक दाबलं की आवाजाचा पोत बदलायचा, रेशमी, मग खरबरीत, मग पाण्यातून आल्यासारखा. आणि खाली एक वाकडी, चकचकीत दांडी. ती कचरूनं हलकेच दाबली, तेव्हा सूर असा थरथरला की पत्र्याच्या शेडमधली सगळी माणसं बोलता बोलता थांबली. मॅनेजरसाहेबसुद्धा.

नंतर चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. “साहेब, तुमी बी डावरेच की.”

“छे. मी उजव्या हातानं लिहितो.”

“लिवता उजव्यानं. पर माशी डाव्यानं हाणली.”

हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पैठणच्या पाठशाळेत गुरुजींनी माझा डावा हात उपरण्यानं कमरेला बांधून ठेवला होता, पाच महिने. डाव्या हातानं केलेलं देवाला पोचत नाही, पितरांना पोचत नाही. मी शहाणा मुलगा होतो, लवकर सुधारलो. त्या हाताकडे पुढं माश्यांचंच खातं राहिलं.

कचरूनं गिटार माझ्या मांडीवर ठेवली. पाऊण तास ती माझ्याकडे होती. मला काहीही वाजवता आलं नाही, पण डावा हात आपोआप तारांवर जाऊन बसला, घरी आल्यासारखा. जगात कुठंतरी कुणीतरी लाकूड कापताना माझ्या त्या बांधलेल्या हाताचा विचार केला होता!

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर कचरू कंपनीत दिसेना, म्हणजे गिटारही गेली. तेव्हापासून शोधतोय. मुंबई, पुणे, हैदराबाद. शहागंजात तर दर महिन्याला फेरी. “लाल, डाव्या हाताची, शिंपल्याची चार बटणं.” दुकानदार नम्रपणे मान हलवतात. वेड्याशी भांडू नये असं सगळ्याच धर्मांत सांगितलं आहे.

२८ नोव्हेंबर, रविवार

मध्ये चार दिवस अनध्याय.

काल पुण्याहून नानासाहेबांचा फोन. हे आमच्या दैनिकाचे वृत्तसंपादक; मराठवाडा त्यांनी नकाशात पाहिला आहे. “नामांतराचं काय म्हणतंय?”

“वातावरण तंग आहे.”

“अहो, पंधरा वर्षं तुम्ही हेच वाक्य पाठवताय.”

“मग माझ्या बातमीत सातत्य आहे, असं म्हणा.”

विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव अठ्ठ्याहत्तर साली झाला. त्यावरून गावंच्या गावं पेटली, माणसं गेली, मोर्चे निघाले, आणि नाव अजून कागदावरच आहे. आता पुन्हा हालचाल दिसते. हे सगळं मी इतक्यांदा लिहिलं आहे की हात आपोआप लिहितो. उजवा.

५ डिसेंबर, रविवार

शहागंजातून शफीभाईंचा निरोप आला: ताबडतोब या. शफीभाई पेट्या, बुलबुलतरंग, लग्नाच्या बँडची वाजंत्री, जे येईल ते दुरुस्त करतात. माझी फेरी त्यांच्याच दुकानाशी संपते.

“पंडतजी, बैठो. पहले बैठो. चाय पियो.”

“मिळाली का?”

“हौ ना! एक अम्मा आई थी. बोली, तार होना. मैं बोला कैसी तार, तो खोलके बताई. या अल्ला! लाल. उल्टी.” त्यांनी दोन्ही हात हवेत उलटे केले. “छे में से एकच तार बची.”

“मग? ठेवून घेतली?”

“नक्को बोली. अगले इतवार कू आती बोलके गई.”

“नाव? पत्ता?”

“पंडतजी, मैं दुकानदार हूँ, पोलिस नहीं.”

घरी येताना गुलमंडीवरून कसा आलो ते आठवत नाही. हिवाळ्याचं ऊन सगळ्या छपरांवर मधासारखं पसरलं होतं. एका रिक्षावाल्यानं शिवी दिली, तीसुद्धा सुरात वाटली.

१२ डिसेंबर, रविवार

सापडली.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी फळीवर बसून होतो. अकराच्या सुमाराला ती बाई आली. पन्नाशीची, हिरवं पातळ, कडेवर मूल घ्यावं तसं घोंगडीचं गाठोडं. शफीभाईंनी गाठ सोडली आणि मेंढ्यांच्या वासातून डाळिंबी रंग वर आला.

सगळं आहे. वाकडी दांडी आहे, गंजलेली. शिंपल्याची बटणं तीन. चौथ्याच्या जागी शर्टाचं पांढरं बटण, काळ्या दोऱ्यानं बांधून बसवलेलं. खुंट्या दोन तुटक्या. अंगाच्या खालच्या कडेला मोठा काळा डाग, फोड येऊन फुटल्यासारखा. कधीतरी भाजलेली दिसते. ती एकुलती तार मी डाव्या अंगठ्यानं छेडली. आवाज जवळजवळ नाहीच. वायर जोडल्याशिवाय या गिटारी मुक्याच असतात. मी कान लाकडाला टेकवला. आत, फार खोल, ती गुणगुणत होती.

“ह्यांला काय झालं?” बाईंनी शफीभाईंना विचारलं.

“पंद्रा साल से ऐसेच हैं.”

मी म्हटलं, “बाई, विकणार का?”

“इकायला न्हाय आनली. तार टाकायला आनली.”

“ही कचरूची ना? चिकलठाण्याला लेथवर होते ते?”

बाई थांबल्या. “मी त्यांची घरवाली. सरूबाई. तुमी कोन?”

मी नाव सांगितलं, पेपर सांगितला.

“तुमीच का ते पेपरवाले!” त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. एवढ्या वर्षांनंतरही नाव लक्षात आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. “मग घरला या. मुकुंदवाडीला, टेसनामागं. त्यांलाच इचारा.”

तारांचा संच मुंबईहून यायचा होता, म्हणून गाठोडं पुन्हा बांधलं गेलं. घोंगडीचं विचारलं तर म्हणाल्या, “मुंजाबा धनगराची हाय. गावाकडं आमच्या शेजारी वाडा त्याचा. त्यानंच हिला आगीतनं काढली. सहा म्हयने मेंढरांत दडवून ठिवली, कुनाला सांगितलं न्हाय. मंग देवगाव रंगारीच्या बाजारात आनून दिली.”

सहा महिने मेंढरांच्या वाड्यात! त्या ओलीत दांडा वाकला नाही, पडदे उखडले नाहीत. लाकूड किती मुरवलेलं असेल याची कल्पना यावी.

१३ डिसेंबर, सोमवार

आजचं सुरक्षावचन: ‘आधी विचार, मग कळ दाबा.’

भानुमतीला सगळं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून तिनं वह्या तपासायचं थांबवलं. “अहो, एक विचारू? पंधरा वर्षं तुम्ही गिटारीची चौकशी करताय. ते कचरू कुठं गेले, हे कधी कुणाला विचारलंत?”

“गिटार सापडली असती तर तो सापडलाच असता.”

“उलट केलं असतं तर लवकर झालं असतं. तो कंपनीत नोकरीला होता. गिटार नव्हती.”

गणितवाल्यांना दुसऱ्याच्या उदाहरणात सोपी रीत लगेच दिसते.

१९ डिसेंबर, रविवार

मुकुंदवाडीला गेलो. स्टेशन म्हणजे एक फलाट आणि कडुनिंबाची सावली. त्यामागं पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची जागा, दारात तुळस आणि सायकल. कचरू बाजेवर बसला होता. केस पांढरे झालेत. आता वाळूजला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. डाव्या हाताला मफलर गुंडाळला होता, थंडी होतीच. सरूबाई कॅन्टीनमध्ये पोळ्या करतात, मुलगी लग्न होऊन जालन्याला.

त्यानं मला लगेच ओळखलं. “या, डावरे साहेब.”

मी लेथचं, जर्मन साहेबाचं, शेडमधल्या त्या दुपारचं बोललो. तो हसला, सगळं त्याला आठवत होतं, मॅनेजर कोणत्या खुर्चीत बसला होता तेसुद्धा. मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, तू म्हणशील ती किंमत.

“पैसं नको.”

“मग?”

“अठ्ठ्याहत्तर साली आमच्या गावची बातमी तुमी दिली हुती. ती आना. हितं बसून वाचून दावा. मंग बगू.”

“त्या वर्षी मी दोनशे बातम्या पाठवल्या असतील, कचरू.”

“आमची येकच हुती,” तो म्हणाला.

सरूबाईंनी चहा दिला. चांगला होता, आलं घातलेला. गावाचं नाव त्यानं सांगितलं. कन्नड तालुक्यातलं, मी इथं लिहीत नाही. परत येताना मनाशी म्हटलं, अट तशी सोपी आहे. कात्रण शोधायचं, वाचायचं, गिटार उचलायची.

२० डिसेंबर, सोमवार

कात्रण सापडत नाही.

२३ डिसेंबर, गुरुवार

कात्रण सापडत नाही. फायली फार आहेत, आणि वाळवीनं संपादन केलेलं आहे. स्वप्नही आलं नाही.

२६ डिसेंबर, रविवार

भानुमतीला पाच मिनिटांत सापडलं. ‘संकीर्ण’ नावाच्या फायलीत होतं. म्हणाली, “तुम्ही ही फाईल सोडून सगळ्या पाहिल्यात.”

वाचून तिनं ते माझ्यापुढं ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येईना.

कात्रण इथं चिकटवतो.

‘कन्नड, ता. ६ (आमच्या वार्ताहराकडून): तालुक्यातील एका गावी शुक्रवारी काही घरांना आग लागून किरकोळ नुकसान झाले. जीवितहानी नाही. वातावरण तंग पण नियंत्रणाखाली आहे.’

मी त्या गावात गेलो नव्हतो. पाऊस होता, नाल्याला पाणी होतं, जीप नव्हती. तालुक्याच्या गावी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात कुणीतरी जे सांगितलं ते लिहिलं आणि तार केली. कुणी सांगितलं ते आता आठवत नाही. भजी चांगली होती, हे आठवतं. आग ‘लागून’! आणि ‘किरकोळ’ हा आमच्या धंद्यातला फार उपयोगी शब्द आहे. त्याच्या आत जाऊन पाहावं लागत नाही.

सरूबाई माझं नाव ऐकून का पाहत राहिल्या, तेही आज कळलं.

२ जानेवारी १९९४, रविवार

डिसेंबर संपला, म्हणून पुन्हा डायरीच्या पहिल्या पानांवर आलो. काळ चक्रासारखा फिरतो असं पुराणं सांगतात. कंपनीच्या डायरीतही फिरतो.

मुकुंदवाडीला गेलो नाही. भानुमतीला म्हटलं, सर्दी आहे. ती म्हणाली, “गिटार नकोशी झाली का?”

हवी आहे. फार हवी आहे. पहाटे ती पुन्हा आली होती. या वेळी हौदात पाणी नव्हतं. कोरड्या तळाशी ती ठेवलेली, आणि मी काठावर उपरण्यानं बांधलेला. गुरुजी नव्हते, गाठ माझी मीच मारलेली होती, उजव्या हातानं.

शहागंजात जाऊन तारांचा संच घेतला. शफीभाई म्हणाले, “ले लिए क्या बाजा?”

“अभी नहीं.”

“काय कू?”

मी म्हटलं, पंधरा वर्षांपूर्वीचं एक काम राहिलं आहे. शफीभाईंनी संच कागदात गुंडाळून दिला.

१० जानेवारी, सोमवार

कालचं पान दुसऱ्याच मजकुरानं भरलं, म्हणून कालचं आज लिहितो.

कात्रण डायरीतून सोडवलं नाही. डायरीच घेऊन गेलो. कचरू बाजेवर, सरूबाई उंबऱ्यात गहू निवडत. मी वाचलं. तीन वाक्यं, वाचायला श्वासही बदलावा लागला नाही. एक मालगाडी गेली.

सरूबाईंनी विचारलं, “किरकोळ मंजी नेमकं किती हो?”

व्युत्पत्ती सांगून सुटण्याची सवय मला जन्मभर आहे. काल ती वापरली नाही.

कचरूनं मफलर सोडला. डाव्या हाताची तीन बोटं तळव्याकडे वळून तिथंच चिकटली आहेत, कातडी मेणासारखी चकाकते. “पावसात हितली खोली गळत हुती, म्हनून गिटार गावाकडं नेऊन ठिवली,” तो सांगू लागला. “लोकं आले तवा मी घरीच हुतो. आई आत. दारावरचा वासा पेटून खाली आला, तो उचलला. आई निघाली. मागल्या बाजूनं मुंजाबानं काय काय ओढून काढलं. हात असा झाला, मंग लेथवर उभं कोन करनार? म्याच सोडली नोकरी.”

“कचरू, मी…”

“आता नीट लिवा,” तो म्हणाला. “काय काय गेलं ते म्या सांगतो. ह्याच्यातच लिवा, आमच्या कंपनीच्या डायरीत.”

मी पेन काढलं. त्यानं सांगायला सुरुवात केली आणि मी सवयीनं भराभरा तीन ओळी लिहून पुढं काय म्हणून वर पाहिलं. तो माझ्या हाताकडे पाहत होता.

“थांबा. उजव्यानं येकदा लिवलं तुमी. आता डाव्यानं लिवा.”

मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. तीन ओळी खोडल्या, पेन डाव्या हातात घेतलं. पहिलं अक्षर पालथ्या पडलेल्या झुरळासारखं उमटलं. एका शब्दाला मिनिट लागे. आणि मिनिट लागे म्हणून कचरूला प्रत्येक वस्तूबद्दल बोलायला सवड मिळे. मी ‘कणगी’ लिहीत होतो तोवर ती कुणी विणली, तिच्यात किती ज्वारी होती, उंदीर कुठून शिरायचा, हे सगळं सांगून झालं. आईचा चष्मा, एक काडी दोऱ्याची. धाकट्या भावाचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट; तो पुन्हा शिकला नाही. बाबासाहेबांची तसबीर. जातं, आगीनं तडकलं, दगड असून. मुलीची पाटी.

“शेळी लिवायची का नको?” सरूबाई मध्येच म्हणाल्या. “जीवितहानी न्हाय म्हनला हुता तुमी.”

“लिहितो.”

“चांदी नाव हुतं तिचं.”

नावासकट लिहिली.

ऊन दारातून आत येऊन भिंतीवर चढलं आणि उतरलं. सतरा नोंदी झाल्या, पान संपलं. माझा दंड दुखत होता. पेनाची शाई करंगळीपासून मनगटापर्यंत लागली होती. सरूबाईंनी वही हातात घेतली. त्या प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकल्यात, बोट ठेवून वाचतात. माझं अक्षर त्यांना जमेना, तळाचं छापील वचन मात्र त्यांनी मोठ्यानं वाचलं: “हात अनमोल आहेत. हातमोजे वापरा.”

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, थांबता थांबेना. मग कचरूही. मला हसायची परवानगी आहे का ते कळेना, म्हणून मी शाई पुसत बसलो.

निघताना तो म्हणाला, “हे पेपरात येईल?”

“पाठवतो. छापणं माझ्या हातात नाही.”

“कोन्त्या हातात न्हाय?” कचरूनं विचारलं.

गिटारीचा विषय मी काढला नाही. ती कोपऱ्यात घोंगडीत उभी होती.

१४ जानेवारी, शुक्रवार

आज नाव झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. सकाळपासून गेटपाशी माणसं. कुणी नाचत होतं, कुणी नुसतंच उभं. एक म्हातारी संक्रांतीचा तिळगूळ अनोळखी लोकांना वाटत होती. मलाही दिला. मी सवयीनं उजवा हात पुढं केला. डाव्यात वही होती.

बातमी फोनवरून दिली. शेवटी म्हटलं, “नानासाहेब, खाली एक दुरुस्ती जोडायची आहे. १९७८ची.”

“पंधरा वर्षांपूर्वीची दुरुस्ती? वाचकाला मूळ बातमी तरी आठवेल का?”

“ज्यांची होती त्यांना आठवते.”

“काय चुकलं होतं?”

“नुकसान किरकोळ नव्हतं. आग लागली नव्हती, लावली होती. आणि मी तिथं गेलो नव्हतो.”

तारेवर खरखर झाली. “मधुसूदनराव, यातलं तिसरं छापलं तर तुमच्याच नावाला बट्टा.”

“माहीत आहे. घ्या लिहून. सतरा नोंदी आहेत, सावकाश सांगतो.”

१६ जानेवारी, रविवार

आज छापून आलं. आतल्या पानावर, ‘थोडक्यात’ या सदरात, पाच ओळी. वार्ताहर गावात गेला नव्हता हे आहे, आग लावली होती हेही आहे. सतरा नोंदींच्या चार झाल्या आहेत. शेळी गेली.

अंक घेऊन मुकुंदवाडीला गेलो. कचरूनं तो पाहिला, घडी घातली, परत दिला. “हे नको. ते पान द्या.”

“कुठलं?”

“तुमी लिवलेलं.”

मी ९ जानेवारीचं पान डायरीतून फाडलं. सरूबाईंनी भाताची शितं लावून ते भिंतीवर डकवलं, हातमोज्यांच्या वचनासकट. मग कचरूनं घोंगडी सोडली.

“घ्या.”

डाळिंबी अंगावर दारातलं ऊन पडलं होतं. एवढ्या वर्षांत ही घटका मी शंभर तऱ्हांनी पाहिली होती. कुठल्याच तऱ्हेत मी नाही म्हटलं नव्हतं. “राहू दे इथंच,” मी म्हटलं. “मला वाजवता कुठं येतं? तुझ्याकडे तुझा उजवा आहे ना शाबूत?”

तारा मी चढवल्या. दोन खुंट्या पकडीनं फिरवल्या. कचरू बाजेवर बसला, गिटार त्याच्या मांडीवर. मी त्याला खेटून. दांड्यावरच्या पडद्यांवर त्याच्या उजव्या हाताची बोटं बसली. डाव्याचं काम माझ्याकडे.

पहिला सूर ऐकून सरूबाई म्हणाल्या, “कोंबडी दाबल्यावानी.”

“हळू, पेपरवाले,” कचरू म्हणाला. “तुमाला घाईची लई खोड.”

वायर नाही, भोंगा नाही. दोन हातांवर ऐकू येत नाही. आम्ही दोघांनीही कान लाकडाला टेकवले, त्यानं वरून, मी खालून, त्या भाजलेल्या डागापाशी. त्यानं मानेनं खूण केली, मी ती वाकडी दांडी दाबली आणि आत काहीतरी थरथरलं. तेच होतं. गाडीची शिट्टी झाली तेव्हा सगळं बुडालं. ती जाईपर्यंत आम्ही थांबलो. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे. भानुमतीलाही.

ही नोंद डाव्या हातानं लिहिली; अर्धी रात्र गेली आणि चहा दोनदा गार झाला. पुढंमागं कुणी डायरी चाळलीच तर त्यांच्यासाठी: ९ जानेवारीचं पान हरवलेलं नाही. मुकुंदवाडीला स्टेशनामागं, तुळशीच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. अक्षर वाईट आहे. मजकूर बरोबर आहे.